फोन गेटवर, बाई गावात

विमलबाई भोईर रागावली की आधी पदर खोचते, मग चप्पल शोधते आणि चप्पल सापडेपर्यंत तिचं अर्धं भांडण घरातच बोलून झालेलं असतं. त्या दिवशी नेमकी चप्पल लवकर सापडली. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या पायरीवर ती पोचली तेव्हा भांडण सगळंच्या सगळं शिल्लक होतं.

"भाऊसाहेब! ओ भाऊसाहेब! खिडकी उघडा!"

उघडायला खिडकी होती कुठे? जिथे उभं राहून मोहशेत गावानं आजवर दाखले मागितले, घरपट्ट्या भरल्या आणि नळाला पाणी नाही म्हणून शिव्या घातल्या, तिथे आता फळी ठोकली होती. फळीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : सर्व सेवा आपल्या मोबाईलवर, कार्यालयात येण्याची गरज नाही. रोहे तालुक्यातून प्रयोगासाठी हे एकच गाव निवडलं होतं. कागदी दाखले बंद, शिक्का तालुक्याला जमा. सुरुवातीला गावाला मोठा अभिमान वाटला होता. सत्कारबित्कारही झाला होता.

आतून ध्रुव प्रधान बाहेर आला. हा ग्रामपंचायतीचा अधिकारी. गाव जुन्या सवयीनं त्याला भाऊसाहेब म्हणायचं, पण वयानं तो विमलबाईच्या मुलापेक्षाही लहान. पेणचा पोरगा, आईवडील दोघेही शिक्षक, कामाला चोख, चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पिणारा. वाईट म्हणायला जागा नव्हती. फक्त आपण एवढी मेहनत घेऊन केलेलं काम चुकेलच कसं, असं त्याला मनापासून वाटायचं. त्या वयात सगळ्यांनाच वाटतं म्हणा.

"काय झालं काकू?"

"माझ्या सुनेला रहिवासी दाखला पायजे. आत्ता."

"फोनवर अर्ज करा. दोन मिनिटांचं काम आहे."

"केला! धा वेळा केला! तो ओटीपी का काय तो येतच नाय!"

ध्रुवनं आपल्या फोनवर पाहिलं. "येतोय की. दहाही वेळा गेलाय. तुमच्या घराचा जो नंबर नोंदवलाय, त्याच्यावर."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. घराचा नंबर म्हणजे नितेशचा, विमलबाईच्या मुलाचा. नितेश धाटावला केमिकल कंपनीत. तिथे आत फोन नेता येत नाही. एवढीशी ठिणगी उडाली तरी होत्याचं नव्हतं व्हायचं, म्हणून सगळ्यांचे फोन गेटवर पेटीत पडतात. सध्या कंपनीत शटडाऊन, म्हणजे मशिनरी बंद ठेवून दुरुस्ती. सकाळी सात ते संध्याकाळी सात ड्युटी, आणि रजेचं तर नावच काढायचं नाही. आणि दाखल्याचा अर्ज फोनवरचा असला तरी चालायचा ऑफिसच्या वेळेतच. ओटीपी पेटीत वाजायचा आणि पेटीतच मरायचा. बरं, फोन घरी ठेवून जावं, तर गेटवरची हजेरीही त्याच फोनवर लागते.

"मग नंबर बदला," विमलबाई म्हणाली. "सुनेच्या हातात फोन हाय ना! तिचा घाला."

"घालतो ना. पण नंबर बदलायला जुन्या नंबरावर ओटीपी जातो."

विमलबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे कपाटाला कुलूप, नि चावी कपाटात?"

"सुरक्षेसाठी असतं ते, काकू."

"कुणाच्या रं सुरक्षेसाठी? माझ्यापासून?"

ध्रुवला वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण वाईट वाटून दाखला निघत नाही. विमलबाई तशीच फणकाऱ्यानं परत फिरली.

आता एका दाखल्यासाठी एवढा जीव का टाकायचा, असं कुणी विचारील. तर गावची अंगणवाडी सेविका निवृत्त झाली होती. अशी जागा गावात पिढीत एकदा निघते. बाई गावचीच रहिवासी पाहिजे, ही पहिली अट. विमलबाईची सून नम्रता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण माहेर जोह्याचं, तिकडे पेणजवळ, गणपतीच्या कारखान्यांच्या गावी. लग्न होऊन आलेली सून मोहशेतची आहे हे सांगणारा कागद हवा होता, आणि मुदत सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी संपत होती. विमलबाईनं आयुष्यभर भात लावला, वाल काढला, उन्हात कंबर मोडली. सासू मेली ती वाकूनच. आपल्या घरातली एक तरी बाई खुर्चीवर बसलेली तिला बघायची होती. देवाकडे तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हे मागताना लाजलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासूसुना मिनीडोर रिक्षात बसून धाटावला गेल्या. विमलबाईचा बेत साधा होता. गेटवर उभं राहायचं, नम्रतानं अर्जाचं बटण दाबायचं, गेटवाल्यानं नितेशचा फोन पेटीतून काढून आकडा वाचून दाखवायचा. झालं काम!

गेटवरचा माणूस नितेशला ओळखणारा निघाला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण पेटीची चावी दिली नाही.

"मावशी, ज्याचं टोकन त्याचाच फोन. मी पेटी उघडली तर आज माझी नोकरी गेली समजा."

नम्रतानं तरी बटण दाबलं. पाठीमागच्या पत्र्याच्या पेटीत टुंग वाजलं. चार हातांवर! विमलबाईनं तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तिच्या पायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडून ती त्या माणसाला आता सोलणार, असं नम्रताला वाटलं. पण विमलबाईनं तोंड मिटलं. कंपन्यांच्या आगी तिनं लांबून पाहिल्या होत्या. आपला मुलगा ज्या नियमानं रोज जिता घरी येतो, तो नियम मोडायला सांगायचा तरी कसा? तिनं त्या माणसाला नुसतं "बरं बाबा" म्हटलं. एवढ्या मऊ आवाजात बोललेली सासू नम्रतानं त्याआधी ऐकली नव्हती.

परत येताना मिनीडोरमध्ये नम्रता हळूच म्हणाली, "राहू द्या आई. नशिबात नसेल माझ्या."

"नशीब?" विमलबाईचा आवाज परत जागेवर आला. पुढे बसलेला ड्रायव्हरही दचकला. "नशिबाला ओटीपी लागतो काय गो? कुणीतरी बसून ठरवलंय हे. माणसानं ठरवलं ते माणसाला फिरवता येतं."

"ठरवलंय, पण अजून पक्कं नाही झालेलं," नम्रता म्हणाली. "नोटीस लागली आहे बघा. ध्रुवसरांनी या सगळ्याचा आराखडा केलाय, तो सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर व्हायचाय. आणि त्याच्या आदल्या दिवशी महिला सभेपुढे वाचून दाखवावा लागतो. तालुक्याच्या मॅडम पण येणार आहेत."

"आपल्याला इचारावं लागतं?"

"नियमच आहे तसा."

विमलबाईला महिला सभा माहीत नव्हती असं नाही. तिनं आजवर सात-आठ तरी केल्या होत्या. महिला सभा म्हणजे सही, चहा आणि वेफर्सची पुडी. सही कशाखाली केली हे कुणी सांगितलं नाही आणि वेफर्स मिळाले म्हणून कुणी विचारलंही नाही. मिनीडोर गावच्या फाट्यावर थांबेपर्यंत तिचा निर्णय झाला होता.

ती घरी गेलीच नाही, थेट शेतांवर गेली. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, बायका तोडणीला वाकल्या होत्या. बांधावर उभं राहून ती हाळी द्यायची, "काय गो, तुझ्या घरचा नंबर कुणाचा?" आणि प्रत्येक बांधावरून तेच उत्तर यायचं. नवऱ्याचा. दिराचा. मुलाचा. नि तो कुठाय? कंपनीत.

आणि हे असं का झालं होतं, तेही ऐका. नंबर नोंदवायचं शिबिर झालं तेव्हा घराला एकच नंबर द्यायचा होता. गावानं डोकं चालवलं. बायकांच्या फोनचा रिचार्ज संपतो, म्हाताऱ्यांचा फोन चार्जच नसतो, कंपनीवाल्याचा फोन मात्र कायम चालू! अख्ख्या मोहशेतनं शहाणपणानं कंपनीवाल्यांचे नंबर दिले. दारोदार फिरून हा शहाणपणा सांगणारी कोण होती? विमलबाईच! एका बांधावर एकीनं तिला हे ऐकवलंही. "मंग मीच निस्तरीन," ती म्हणाली, "पण सभेला ये. वेफर्स खायाला नाय, बोलायला."

सभेच्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये ध्रुवनं तीस खुर्च्या मांडल्या होत्या. दर वेळी तेवढ्याही भरत नसत. त्या दिवशी खुर्च्या भरल्या, सतरंजी भरली, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बायका बसल्या. कुणाच्या पदरात शेंगा तशाच होत्या. आंधळ्या वत्सलाआजीला दोघींनी धरून आणलं होतं. सरपंच रोहिणीताई अध्यक्षस्थानी बसल्या होत्या आणि एवढी गर्दी बघून जरा घाबरल्याच होत्या.

तालुक्याच्या विस्तार अधिकारी हेमांगी मॅडम पेणहून आल्या होत्या. राहायला पेणच्या रामवाडीत, नोकरी रोह्यात. बोलणं मोजकं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी ध्रुवला हळूच विचारलं, "आज काही कार्यक्रम आहे का गावात?"

"नाही मॅडम," ध्रुव म्हणाला. त्यालाही कळत नव्हतं.

त्यानं आराखडा वाचायला घेतला. खरं सांगायचं तर आराखडा देखणा होता. रंगीत तक्ते होते, गावाचा नकाशा होता. "मोबाईल असलेली घरे : शंभर टक्के," त्यानं वाचलं. मग पुढे, "संदेश न मिळणाऱ्या नागरिकांसाठी स्थानिक पर्याय : आवश्यकता नाही."

"थांबा!" विमलबाई उठली. पदर खोचलेलाच होता. "भाऊसाहेब, ते परत वाचा."

ध्रुवनं परत वाचलं.

"आवशकता नाय? कुणी सांगितलं? आमाला इचारलंस?"

हॉलमध्ये कुजबूज उठली. ध्रुवचे कान लाल झाले. रात्री जागून केलेलं काम चारचौघांत कुणी असं धरलं की माणूस दुखावतो. "काकू, तुमच्या एका घराची अडचण झाली, मला मान्य आहे. पण व्यवस्था चालते. सगळ्या घरांना संदेश जातो. दाखवू का? आत्ता दाखवतो. सगळ्या गावाला एकदम संदेश पाठवतो, तुम्हीच बघा."

"पाठव!" विमलबाई म्हणाली. "बघूच दे आमाला."

ध्रुवनं फोन हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि बटण दाबलं.

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. ज्यांच्या हातात फोन होते त्या आपल्या फोनकडे बघू लागल्या. कुठेही काही वाजलं नाही. बाहेर शाळेच्या नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. एवढ्या बायका, एवढी घरं, आणि निरोप एकीलाही आला नाही.

मग एक फोन वाजला. ध्रुवचाच. त्यानं सवयीनं मोठ्यानं वाचलं, "सर्व संदेश यशस्वीरीत्या पोचले आहेत."

अगो बाई! काय हसल्या त्या! पहिली कोण फुटली ते कळलं नाही, पण मग हॉलच्या हॉल फुटला. वत्सलाआजीला दिसत नव्हतं तरी ती टाळ्या पिटून हसत होती. सरपंचबाईंनी तोंडाला पदर लावला. हेमांगी मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि तिकडे धाटावच्या गेटवर, हे नंतर कळलं, सगळी पत्र्याची पेटी एकदम खणखणायला लागली आणि तो बिचारा गेटवाला खुर्चीवरून उठून बाहेर पळाला.

विमलबाई मात्र हसली नाही. ती ध्रुवकडे बघत होती. पोरगा रडतो की काय, असं तिला क्षणभर वाटलं. आता त्याच्यावर तुटून पडायचा मोका होता, सगळी तयारी करून आली होती ती. पण तिला एकदम नितेशची आठवण झाली, पहिल्या दिवशी कंपनीतून काहीतरी बिघडवून घरी आलेला.

"बस रे बाबा जरा," ती म्हणाली. "पाणी पी."

ध्रुव पाणी प्यायला. मग आराखडा त्यानं टेबलावर पालथा ठेवला आणि सरळ उभा राहिला. "मॅडम, माझा आराखडा चुकलाय. घरात फोन आहे का, एवढंच मी विचारलं. तो दिवसभर कुणाच्या हातात असतो, हे विचारलं नाही. परवानगी असेल तर इथेच परत करू या. ह्यांना विचारून."

हेमांगी मॅडमनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

मग जी सभा झाली तशी मोहशेतनं कधी पाहिली नव्हती. वेफर्सच्या पुड्या टेबलाखाली तशाच राहिल्या. एक म्हणाली, घराला एक नंबर कशाला, जिचं काम तिचा नंबर. दुसरी म्हणाली, फोनच नाही त्यांचं काय, वरच्या कातकरवाडीत चार घरांत मिळून एक फोन हाय. मग आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ध्रुवनं लॅपटॉप घेऊन वाडीतच जायचं ठरलं, आणि ती वेळ मजुरीवर जायच्या आधीची, हे कातकरवाडीच्या बाईनंच ठरवलं. वत्सलाआजी म्हणाली, "मला अक्षर दिसत नाय, पण ऐकू चांगलं येतं. तुझ्या फोनाला बोलता येतंय काय रे?"

"येतं आजी," ध्रुव म्हणाला. "मराठीत बोलून सांगायची सोय आहे. कुणी मागितली नाही म्हणून मीच बंद ठेवली होती."

"मंग मी मागत्ये. नि सावकाश बोलाया सांग त्याला."

खिडकीवरची फळी काढायचीही ठरली. फोनवर ज्याला जमेल त्यानं फोनवर करावं, नाही जमलं त्यानं खिडकीवर यावं, आणि खिडकीवर आल्याबद्दल कुणी कुणाला अडाणी म्हणायचं नाही. हे शेवटचं वाक्यही लिहून घ्या असा विमलबाईचा हट्ट होता. ध्रुवनं ते लिहिलं.

घोडं अडलं ते नंबर बदलण्यावर. हेमांगी मॅडम म्हणाल्या, "तुमचं सगळं पटतं मला. पण जुन्या नंबरावर ओटीपी न पाठवता नंबर बदलायचा, तर ही बाई तीच आहे, ह्याच गावची आहे, हे कशावरून ठरवायचं? उद्या दुसरीच कुणी येऊन नम्रता म्हणून उभी राहिली तर? फसवणूक झाली तर तुमचीच होईल."

प्रश्न खरा होता. नम्रता मागे भिंतीला टेकून उभी होती, हातात फोन घट्ट धरून. घड्याळ चार वाजून गेल्याचं दाखवत होतं आणि पाच-साडेपाचनंतर तिच्या अर्जाला काही अर्थ राहणार नव्हता.

"मॅडम, तुमी पेणच्या," विमलबाई म्हणाली. "तुमचा ओवसा झाला व्हता?"

मॅडम गोंधळल्या. "म्हणजे, गौरीला नवी सून सुपं देते तो? झाला की. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"कुणाकुणाला दिलात?"

"सासूबाई, चुलतसासवा, शेजारच्या काकू. अख्ख्या आळीला. सुपं उचलून हात दुखले होते माझे."

"मंग त्यातली कुणी तुमाला इसरली?"

मॅडमनी हसून नाही म्हणून मान हलवली.

विमलबाई वळली आणि भिंतीशी उभ्या नम्रताकडे हात केला. "ह्या पोरीचा पहिला ओवसा ह्या हॉलनं घेतलाय. पूर्वा नक्षत्रावर गौर आली की ओवसा, तसा हिचाही झाला. वाण भरलेली सुपं घेऊन घरोघर फिरली ती. हिच्या हातचं वाण जिनं घेतलं, ती हिला वळखत नाय म्हनेल? बायकांची अशीच तर वळख पटते गावात! कागूद नंतर येतो. दोघी साक्षीला उभ्या करा, भाऊसाहेबासमोर, तोंडावर तोंड. फोटू काढा. खोटी साक्ष देईल तिचं नाव सभेत वाचा, गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय तिला!"

हेमांगी मॅडम ध्रुवकडे वळल्या. "नियम काय सांगतो?"

"स्थानिक पर्याय सभेनं ठरवायचा, तालुक्यानं मान्य करायचा," ध्रुव म्हणाला. "म्हणजे तुम्ही. आणि साक्षीनंतर नंबर बदलला की जुन्या नंबरालाही तसं कळवू या. म्हणजे लपूनछपून काही होणार नाही."

मॅडमनी थोडा वेळ पेन हातात फिरवलं. वरून कुणी विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "प्रयोगाचं गाव म्हणून घेतलंय ना? मग प्रयोग इथेच व्हायला हवा. लिहा ठराव."

ठराव लिहिला, वाचला, हात वर झाले. कुणाचा खाली राहिला नाही. मॅडमनी सही केली आणि म्हणाल्या, "साक्षीला दोघी या."

सगळ्या उठल्या.

"अहो, दोघीच!"

"मी येते, माझं घर लागून हाय!" "तू गप, ओवशाला पहिलं सूप माझ्या हातात दिलं तिनं!" अशी जुंपली की सरपंचबाईंना टेबल वाजवावं लागलं. शेवटी वत्सलाआजी आणि शेजारची सुरभी पुढे झाल्या. आजीनं नम्रताचं तोंड हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "हीच ती. गालावर तीळ हाय बघ." ध्रुवनं फोटो काढला, नंबर घातला, बटण दाबलं.

काहीच झालं नाही. ध्रुवच्या फोनला रेंज होती, पण नम्रताच्या सिमला हॉलच्या जाड भिंतींत नेटवर्क मिळत नव्हतं. नम्रता पळत बाहेर आली, पायऱ्या उतरली, पटांगणाच्या मध्यावर गेली. तिच्यामागे ध्रुव, ध्रुवमागे विमलबाई, आणि तिच्यामागे अख्खी महिला सभा, पदरातल्या शेंगा सांडत. सगळ्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

टुंग.

नम्रताच्या हातात वाजलं! तिच्या स्वतःच्या हातात! तिनं आकडा घातला, घाईत एकदा चुकला, परत घातला. दाखला आला. तिथेच उभं राहून तिनं तो अंगणवाडीच्या अर्जाला जोडला, पाठवला, आणि 'अर्ज स्वीकारला' असं आलं तेव्हा ती सासूच्या गळ्यात पडली. पटांगणात जो गलका झाला, तो ऐकून देवळाकडची पुरुष मंडळी काय झालं म्हणून धावत आली. विमलबाई रडत होती आणि रडते कसली, धूळ गेली म्हणून सांगत होती. कुणाचा विश्वास बसला नाही.

साडेसातला नितेश घामाघूम होऊन घरी आला, तो दारातच ओरडला. गेटवर फोन हातात घेतला तर त्यात निरोप होता : आपला क्रमांक या घराच्या नोंदीतून कमी करण्यात आला आहे. "आई! काय केलं मी? मला घरातून काढलं?"

चुलीपाशी शेंगा सोलत बसलेला पोपट, म्हणजे विमलबाईचा नवरा, दिवसभरात पहिल्यांदाच हसला. तो बोलायचा फार कमी. "तुला नाय रे. तुझ्या फोनाला."

"हात धू नि जेवायला बस," विमलबाई म्हणाली. "आजपासून जिचा नंबर तिच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला. पुरुषांनी एकदोन शंका काढल्या, पण आदल्या दिवशीचा गलका त्यांच्या कानात होता.

पावसाळ्याच्या तोंडाशी हेमांगी मॅडमनी पेणला एक कार्यशाळा ठेवली. धरमतर खाडीकडच्या गावांचे, डोंगराकडच्या गावांचे, कितीतरी ग्रामपंचायत अधिकारी आले होते. प्रत्येकाच्या हातात आपापला आराखडा होता. ध्रुवनं मोहशेतचा आराखडा मांडला आणि शेवटी म्हणाला, "हा मी एकट्यानं केलेला नाही. ज्यांनी करायला लावला, त्या विमलकाकू इथे आहेत."

विमलबाई उठली. एवढ्या शिकलेल्या लोकांपुढे ती आधी कधी बोलली नव्हती. पण कंबरेला पदर गेला आणि जीभ सुटली.

"मी भाषण करत नाय. तुमी सगळ्यांनी आत्ता आपापल्या गावातल्या एका बाईला फोन लावा. घराच्या नोंदलेल्या नंबरावर. नि ती बाई फोनवर येत्ये काय बघा. बस."

लोक हसले. मग एकानं लावला, मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळा हॉल कानाला फोन लावून बसला. कुणाला कंपनीतला मुलगा भेटला, कुणाला बार्जवरचा दीर, कुणाला मुंबईतला नवरा, आणि बऱ्याच जणांना नुसतीच रिंग ऐकू येत राहिली. धरमतरकडच्या एका अधिकाऱ्यानं फोन खाली ठेवला, आपल्या आराखड्यावर आडवी रेघ मारली आणि नवा कोरा कागद काढला. त्याच्या शेजारच्यानंही काढला. मग कागदांची सळसळ शेवटच्या रांगेपर्यंत गेली, आणि ध्रुवनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली ती हेमांगी मॅडमनी उचलली, आणि सगळा हॉल विमलबाईसाठी उभा राहिला.

चहाच्या वेळी मॅडम तिला शोधत आल्या. "विमलबाई, मी दोघींना बोलावलं होतं. सूनबाई कुठे आहे? तिलाही बघायचं होतं सगळ्यांना."

विमलबाईनं बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि आजूबाजूच्या सगळ्या साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तिला कुठला येळ मॅडम? गावची तीस पोरं सोडून ती इथं कशी येणार? नोकरीवर हाय ती."